किटली काळी का दिसते?

या आठवड्याचं पत्र रत्नागिरीजवळच्या एका गावातून आलं आहे. लांब होतं, थोडं आवरून देते.

‘ताई, मी २५ वर्षांची. पुण्यात नोकरीला होते. गेल्या वर्षी बाबांना पक्षाघाताचा झटका आला, म्हणून गावी आले. कंपनीचं काम आता घरूनच करते. साठवलेल्या पैशांतून कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाचा कॉम्प्युटर ग्राफिक्सचा दूरस्थ कोर्स घेतला. लहानपणापासून चित्रं आणि गणित दोन्ही आवडायचं, म्हणून. पहिली असाइनमेंट जमली. दुसरीत चहाच्या किटलीवर उजेड पाडायचा आहे. चार दिवस झाले, स्क्रीनवर काळ्याशिवाय काही नाही. शंका विचारायचा तास आपल्याकडे रात्री साडेअकराला असतो. बाबांना औषध देऊन, कूस बदलून देऊन बसते, तोवर माझेच डोळे मिटतात. आणि बसले तरी विचारायची लाज वाटते, बाकी सगळे हुशार वाटतात. एका मित्राने गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी तयार उत्तराची गिटहबवरची लिंक पाठवली आहे, अजून उघडली नाही. माझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सत्तर हजारांचा नवा घेऊ का? की माझं गणितच कच्चं आहे हे मान्य करून कोर्स सोडू?’

बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात बाबा आहेत, झोप आहे, लॅपटॉप आहे, लाज आहे. पण तुझी ती काळी स्क्रीन चार दिवसांत एकाही माणसाने पाहिल्याचा उल्लेख नाही. मित्राने लिंक पाठवली, स्क्रीन त्यानेही पाहिली नाही. मला वाटतं तुझं खरं दुखणं तिथे आहे. गणिताकडे आणि लॅपटॉपकडे आपण नंतर येऊ.

मी ग्राफिक्स शिकले नव्वदच्या दशकात, इंजिनिअरिंगला असताना. एका संगणकावर आम्ही तिघी. प्रोग्रॅम लिहायला टर्बो सी, चित्रासाठी त्यातली ग्राफिक्स डॉट एच ही फाइल, आणि चित्र सुरू करणाऱ्या इनिटग्राफ या आज्ञेला बीजीआय फोल्डरचा पत्ता द्यायचा. तो पत्ता चुकला की चित्राच्या जागी एका ओळीची तक्रार. मी अर्धा तास डोकं धरून बसले होते, तर मागच्या बाकावरून जाणारी मुलगी चालता चालता म्हणाली, ‘अगं, तिरकी रेघ एकच दिलीस, सीमध्ये दोन लागतात.’ पुढच्या प्रॅक्टिकलला ब्रेसनहॅमच्या पद्धतीने, म्हणजे ठिपक्यामागून ठिपका ठेवत, रेघ काढायची होती. माझी रेघ कितीही उभी काढायला सांगितली तरी ४५ अंशांच्या वर चढायला तयार नाही. शेजारणीने नुसतं पाहिलं आणि म्हणाली, ‘प्रत्येक पावलाला एक्स वाढवतेयस, वाय एकाहून जास्त वाढणार कसा? उभी रेघ असेल तर दोघांची अदलाबदल कर.’ मला त्या वर्षी ग्राफिक्स कुणी शिकवलं असं विचारलंस तर सरांच्या आधी मी या दोघींची नावं घेईन.

पुढे चाळिशीजवळ, नोकरी आणि घर सांभाळून, मी परदेशातल्या एका विद्यापीठाचा असाच दूरस्थ कोर्स घेतला आणि पाचव्या आठवड्यात सोडला. कारण विचारलं तेव्हा मीही घरच्यांना ‘गणित झेपत नाही’ असंच सांगितलं. दोन वर्षांनी तोच कोर्स पुन्हा घेतला आणि पूर्ण केला. मधल्या काळात माझं गणित काही सुधारलं नव्हतं. फरक एवढाच होता की दुसऱ्या वेळी वर्गातला एक जण, नैरोबीत राहणारा, आणि मी, रोज झोपण्यापूर्वी एकमेकांना त्या दिवशीचं चित्र पाठवायचो. चांगलं असो, फसलेलं असो, काळं असो. बहुतेक दिवशी आम्ही एकमेकांना काही सुचवूही शकायचो नाही. पण चित्र पाठवायचं म्हणजे सोबत दोन ओळी लिहाव्या लागतात, ‘काय व्हायला हवं होतं, काय झालं’. त्या लिहिताना निम्म्या चुका मला स्वतःलाच दिसायच्या.

दूरस्थ कोर्समध्ये व्याख्यान हरवत नाही. उलट मागे-पुढे करून दहा वेळा ऐकता येतं. हरवतो तो मागून जाणारा, तुझ्या स्क्रीनकडे सहज नजर टाकणारा माणूस. डेटाबेस किंवा ऑपरेटिंग सिस्टीमच्या कोर्समध्ये त्याच्यावाचून कसंबसं निभावतं. ग्राफिक्समध्ये फार जड जातं, कारण इथे प्रोग्रॅम चुकला तरी बहुतेक वेळा एकही तक्रार छापून येत नाही. सगळं सुरळीत चालतं आणि चित्र काळं येतं.

तर आधी त्या काळ्या चित्राचंच पाहू. तुझा गृहपाठ मी करणार नाही, पण चौकशी कशी करायची ते सांगते.

सगळ्यात पहिलं काम, पार्श्वभूमीचा रंग बदल. काळा काढून फिकट निळा कर. चार दिवस तू काळ्यावर काळं शोधते आहेस. निळ्या पार्श्वभूमीवर किटलीच्या आकाराची काळी सावली दिसली, तर किटली जागेवर आहे आणि उजेडाचं काहीतरी चुकलं आहे. नुसतंच निळं दिसलं, तर किटली मुळात काढलीच जात नाही, किंवा कॅमेरा भलतीकडे पाहतो आहे. या दोन अगदी वेगळ्या चुका आहेत आणि काळ्या पार्श्वभूमीवर दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात.

सावली दिसली असं धरून चालू. आता फ्रॅगमेंट शेडर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, त्यातलं उजेडाचं सगळं गणित बाजूला ठेव आणि प्रत्येक पिक्सेलला सरळ लाल रंग दे. किटली लालभडक दिसली की शेडर चालतो आहे हे पक्कं झालं. मग लाल काढून नॉर्मलच रंग म्हणून दाखव. नॉर्मल म्हणजे पृष्ठभागावर काटकोनात उभा असलेला बाण, हे तू शिकलीच आहेस. त्याचे तीन आकडे उणे एक ते एकमध्ये असतात, रंगाचे शून्य ते एकमध्ये. म्हणून अर्ध्याने गुणून अर्धा मिळव. नॉर्मल कॅमेऱ्याच्या मोजणीत, म्हणजे कॅमेऱ्याला धरून मोजलेले, असतील तर किटलीची उजवी बाजू लालसर, वरची हिरवट आणि तुझ्याकडे तोंड असलेली निळसर दिसायला हवी. सगळी किटली एकसारखी करडी आली, तर नॉर्मल शून्य आहेत, म्हणजे शेडरपर्यंत पोचलेच नाहीत. हे मला कुणी पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. शेडरमध्ये आकडे छापता येत नाहीत, तेव्हा आकड्याचा रंग करायचा आणि तो डोळ्यांनी वाचायचा.

नॉर्मल ठीक दिसले तर दिव्याच्या दिशेचा रंग कर. बाण पृष्ठभागाकडून दिव्याकडे जायला हवा. उलटा धरलास तर नॉर्मलशी त्याचा गुणाकार ऋण येतो, तो शून्यावर कापला जातो, आणि किटलीची समोरची बाजू काळीठिक्कर. तेव्हा कॅमेरा किटलीच्या मागे नेऊन बघ. मागची बाजू छान उजळलेली सापडली तर चूक हीच.

आणि एक चूक अशी आहे की तिच्यापायी मी एक अख्खा रविवार घालवला आहे. शेडरमधल्या दिव्याच्या रंगाचं नाव आणि तुझ्या सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं नाव यात एका अक्षराचा फरक असला, तर ओपनजीएल, म्हणजे ग्राफिक्सच्या आज्ञांची ती व्यवस्था, त्या नावाच्या जागेचा क्रमांक उणे एक देतं, आणि उणे एकला पाठवलेली किंमत निमूटपणे टाकून देतं. दिव्याचा रंग मग काळाच राहतो. प्रत्येक क्रमांक छापून पाहा. पण उणे एक दिसला की लगेच घाबरू नकोस. शेडरमध्ये ते नाव नुसतं लिहिलं असेल आणि वापरलं नसेल, तरी कंपायलर ते काढून टाकतो आणि उणे एकच येतो.

हे सगळं करायला तुला दोन तास लागतील. प्रत्येक पायरीचं चित्र तारीख-वेळ घालून साठवून ठेव, चुकलेलंही.

आता कुणाला दाखवायचं? तुला वाटतं जाणकार माणूस हवा. ग्राफिक्सचं मोठं भाग्य असं आहे की त्याचं उत्तर डोळ्यांना दिसतं, आणि डोळे सगळ्यांना आहेत. घरात आई असेल, आत्या असेल, त्यांना स्क्रीनपुढे बसव आणि एकच प्रश्न विचार, ‘दिवा कुठे ठेवलाय सांग.’ मग किटली फिरव आणि पुन्हा विचार. दिवा जागचा हलायला नको असताना ‘आता दिवा पण फिरला गं’ असं त्या म्हणाल्या, तर तू दिवा खोलीच्या मोजणीत आणि नॉर्मल किटलीच्या स्वतःच्या मोजणीत धरले आहेस, दोन्ही एका मोजणीत आणायची राहिली आहेत. त्यांना मॅट्रिक्स, म्हणजे एका मोजणीतून दुसरीत नेणारा आकड्यांचा चौकोन, हा शब्द ठाऊक असायची गरज नाही. स्वयंपाकघरातल्या भांड्यावर खिडकीचा उजेड कुठे चमकतो हे त्या आयुष्यभर पाहत आल्या आहेत. माझ्या दुसऱ्या कोर्समधली सगळ्यात अवघड चूक माझ्या सासूबाईंनी पकडली होती. चेंडूची सावली बघून म्हणाल्या, ‘हा चेंडू जमिनीला टेकलेला वाटत नाही.’ खरंच टेकलेला नव्हता.

बाबांनाही दाखव. तुझ्या पत्रात ते फक्त औषधं घेतात आणि कूस बदलून घेतात. त्यांना बोलायला त्रास होत असेल, पण बोट दाखवता येत असेल तर ‘उजेड कुठून येतोय’ याचं उत्तर त्यांनाही देता येईल.

त्याशिवाय वर्गातला एक सोबती हवाच. वर्गाच्या चर्चाफलकावर चार ओळी लिही, की मी भारतात आहे, माझी वेळ ही, रोज एक चित्र एकमेकांना पाठवायला कुणी तयार आहे का. उत्तरं आपापली लिहायची, कोड दाखवायचं नाही, फक्त चित्र. असं करायला कोर्सच्या नियमांत बहुधा अडचण नसते, तरी नियमांचं पान एकदा वाच.

रात्री साडेअकराच्या शंकांच्या तासाबद्दल. आपल्याला लहानपणापासून सवय असते की सरांना त्रास द्यायचा नाही, शंका मनात ठेवायची आणि परीक्षेनंतर विसरायची. तिकडे तो तास विद्यार्थ्यांसाठीच राखून ठेवलेला असतो. कुणी आलं नाही तर शिकवणारा माणूस रिकामाच बसून राहतो. तिथे जाताना ‘मला काही समजत नाही’ असं म्हणू नकोस. निळ्या पार्श्वभूमीचं चित्र, लाल किटलीचं चित्र, नॉर्मलचं चित्र, ही तीन पुढे ठेव आणि म्हण, ‘इथवर बरोबर आहे, यापुढे काळं होतं.’ अशी तयारी करून आलेली मुलगी शिकवणाऱ्याला आवडते. तुला हुशार वाटणारे बाकीचे बहुतेक काहीच न घेता येतात.

पण रोज रात्री जागून हा कोर्स होणार नाही, ते मला मान्य आहे. म्हणून वेळेचं गणित उलटं मांड. आपली सकाळ ती कॅलिफोर्नियाची आदली संध्याकाळ. आपल्याकडे सकाळी ८ वाजतात तेव्हा तिथे उन्हाळी वेळेने संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. वर्गातली मुलं नेमकी तेव्हा असाइनमेंटला बसलेली असतात, चर्चाफलकावर प्रश्न आणि उत्तरं त्याच वेळी वाहत असतात. तू सहाला उठून साडेआठपर्यंत बसलीस तर तू वर्गासोबत बसलीस. जमा करायची वेळ तिथे रात्री ११:५९ असेल तर ती आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी १२:२९ला येते. म्हणजे शेवटची सकाळ तुला ताज्या डोक्याने मिळते, तिथल्या मुलांना ती रात्री पेंगुळलेल्या डोळ्यांनी मिळते. साडेअकराचा तास आठवड्यातून एकदाच धर, आणि त्या रात्री बाबांची कूस बदलायला घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांग. सांगायला संकोच करू नकोस. ही फी तू तुझ्या कष्टाच्या पैशांतून भरली आहेस.

गणिताचं काय? तू लिहिलंस, कच्चं आहे. मी तुला विचारते, तू ते कागदावर केलंस का, की व्हिडिओत पाहिलंस? व्हिडिओ पाहताना प्रत्येक ओळ पटते आणि आपल्याला वाटतं आलं. जवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून आलेख वही आण. व्याख्यानात सूत्र सिद्ध होण्याआधी थांबव, आणि आपल्या हाताने कर, सोपे आकडे घेऊन, दोनच मितींत.

एक उदाहरण देते, कारण पुढच्या असाइनमेंटमध्ये तू तिथेच अडखळशील. वहीवर एक उतार काढ, एक घर उजवीकडे, एक घर खाली. त्याचा नॉर्मल एक घर उजवीकडे, एक घर वर. दोघांत काटकोन. आता सगळं चित्र उभ्या दिशेने दुप्पट ताण. उतार झाला एक उजवीकडे, दोन खाली. नॉर्मलही तसाच ताणलास तर तो एक उजवीकडे, दोन वर होतो. दोघांचा गुणाकार कर, म्हणजे उजवीकडचे आकडे आपसात, वर-खालचे आपसात गुणून बेरीज: एक वजा चार, उणे तीन. शून्य आलं नाही, म्हणजे काटकोन मोडला. आता नॉर्मल दुप्पट करण्याऐवजी निम्मा कर, एक उजवीकडे, अर्धं घर वर. एक वजा एक, शून्य. काटकोन परत आला. व्याख्यानात ‘नॉर्मलला मॅट्रिक्सच्या व्यस्ताचा ट्रान्सपोज लावायचा’ असं जे वाक्य तू ऐकून सोडून दिलं असशील, ते एवढंच सांगतं. हे दहा मिनिटांत समजलं तर तुझं गणित कच्चं नाही. आणि हे तुला समजेल.

आलेख वहीचा आग्रह मी उगाच धरत नाही. तुझ्या असाइनमेंटमधली किटली आली कुठून ठाऊक आहे? १९७५ साली युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल नावाचा संशोधक होता. त्याला संगणकावर काढायला एखादी रोजच्या वापरातली, गोलाईची वस्तू हवी होती. घरी चहा पिताना त्याची बायको सँड्रा म्हणाली, हेच चहाचं सामान काढ ना. त्याने समोरच्या किटलीकडे बघत आलेख कागदावर पेन्सिलीने तिचा आकार काढला, आणि तो कागद घेऊन प्रयोगशाळेत गेला. तिथे बेझिये वक्रांचे, म्हणजे मोजक्या बिंदूंवरून ठरणाऱ्या वळणांचे, बिंदू संगणकात भरले गेले, आणि ते आकडे त्याने सगळ्यांना वापरायला देऊन टाकले. ती खरी किटली आज कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथल्या संगणकाच्या इतिहासाच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. ती आपल्या ओळखीच्या चित्रापेक्षा जवळजवळ १.३ पट उंच आहे, कारण पुढे जिम ब्लिन या ग्राफिक्सच्या संशोधकाने ती उभ्या दिशेने दाबली आणि तोच आकार सगळीकडे रुळला. म्हणजे तू ज्या ताणण्या-दाबण्याचं गणित वहीत करशील ते तुझ्या किटलीवर आधीच होऊन गेलेलं आहे.

आणि जे उजेडाचं सूत्र तुला छळतं आहे ते फाँगचं. बुई तुओंग फाँग हा व्हिएतनामचा मुलगा, घरापासून हजारो मैल लांब, त्याच युटा विद्यापीठात शिकला. १९७३ साली त्याचा प्रबंध झाला, १९७५ साली त्यावरचा निबंध छापून आला आणि त्याच वर्षी तो गेला, वयाच्या ३२व्या वर्षी. सगळीकडून येणारा मंद उजेड, पृष्ठभागावर पसरणारा उजेड आणि चमकणारा ठिपका, या तिन्हींची बेरीज. इतकं साधं सूत्र पन्नास वर्षं टिकलं. तेव्हाही ही मंडळी एकेकटी बसून शिकत नव्हती. तिथल्या आयव्हन सदरलँड या प्राध्यापकाच्या विद्यार्थ्यांनी, संगणकावर काढण्यासाठी, त्याच्या बायकोची फोक्सवॅगन बीटल गाडी मिळून मोजपट्ट्यांनी मोजली होती, गाडीवरच रेघा आखून. मी त्याचा फोटो पाहिला आहे. गाडीभोवती वाकलेली मुलं दिसतात.

एकाच शिक्षकाचं ऐकून एखादी गोष्ट डोक्यात शिरत नसेल तर दुसऱ्याचं ऐक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले रवी राममूर्ती यांचा एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचा कोर्स आहे, त्यात मॅट्रिक्सपासून रे ट्रेसिंगपर्यंतचा (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवण्यापर्यंतचा) रस्ता फार नीट बांधलेला आहे. युटा विद्यापीठातल्या जेम युकसेल यांची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत, कार्नेगी मेलनच्या कीनन क्रेन यांचीही. आपल्याकडच्या एनपीटेल या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर आयआयटी दिल्लीचे प्रेम कालरा यांचा जुना कोर्स आहे, शांत आणि फळ्यावरच्यासारखा. फक्त एक सांभाळ. कुणी व्हेक्टर, म्हणजे आकड्यांची रांग, उभा लिहितं, कुणी आडवा, आणि त्याप्रमाणे मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा क्रम उलटतो. दुसऱ्याच्या व्याख्यानातलं सूत्र तसंच उचलून आपल्या कोडमध्ये टाकलंस तर पुन्हा काळी स्क्रीन. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव, माझ्या कोर्सात उभा की आडवा.

लॅपटॉप घेऊ नकोस. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी होईल. असाइनमेंटला ओपनजीएल ३.३ लागत असेल तर ते गेल्या दहा वर्षांतल्या साध्या लॅपटॉपमधल्या इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्सवर चालतं. तुझी पहिली असाइनमेंट चालली, यातच उत्तर आलं. रे ट्रेसर लिहायची वेळ येईल तेव्हा तो तर साध्या प्रोसेसरवरच चालतो. १९८० साली टर्नर व्हिटेड या संशोधकाने रे ट्रेसिंगच्या ज्या चित्राने सगळ्यांना थक्क केलं ते काढायला त्या काळच्या व्हॅक्स संगणकाला ७४ मिनिटं लागली होती. तुझा लॅपटॉप त्याहून कितीतरी वेगवान आहे. चाचणी घेताना ६४० बाय ४८०चं चित्र काढू नकोस, १६० बाय १२०चं काढ, सोळा पट कमी पिक्सेल. चूक त्यातही तेवढीच दिसते. कंपाइल करताना डीबग (चुका शोधायचा संथ प्रकार) ऐवजी रिलीज (वेगवान प्रकार) निवड, त्याने प्रचंड फरक पडतो. आणि कोकणात पावसात वीज जाते, म्हणून प्रोग्रॅमला चित्र ओळी-ओळीने फाइलमध्ये लिहायला शिकव, म्हणजे वीज आल्यावर उरलेल्या ओळीपासून पुढे जाता येईल. खर्च करायचाच असेल तर राउटरला चार तास पुरेल अशी छोटी बॅटरी घे, आणि व्याख्यानं आदल्या रात्री उतरवून ठेव. सत्तर हजार बाबांच्या फिजिओथेरपीला लागतील.

ती लिंक उघडू नकोस, आणि मित्राला तसं कळव. पकडली जाशील ही एक गोष्ट झाली. अशा कोर्समध्ये सगळ्यांची उत्तरं एकमेकांशी आणि जुन्या वर्षांशी ताडून पाहतात, आणि परदेशातून, एकटीने, आपली बाजू मांडणं फार कठीण जातं. पण कुणी पकडणार नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. या असाइनमेंटमध्ये तू काळ्या चित्राची चौकशी करायला शिकणार आहेस. पुढच्या रे ट्रेसरमध्ये चित्र काळं येण्याच्या आणखी वीस तऱ्हा आहेत आणि तिथे तुला हेच हत्यार लागणार आहे. एआयला विचारायचं झालं तरी आधी कोर्सचा नियम पाहा. परवानगी असेल तर ‘या संज्ञेचा अर्थ सांग’ एवढं विचार, ‘माझा शेडर लिहून दे’ असं नको.

राहिला प्रश्न कोर्स सोडायचा. आज दोन तारखा शोध, कोर्स सोडायची शेवटची तारीख आणि पुढच्या असाइनमेंटची तारीख. आणि दोन आकडे, या असाइनमेंटचे एकूण गुणांत किती टक्के, आणि उशिरा द्यायच्या किती दिवसांची मुभा शिल्लक आहे. मग शिकवणाऱ्यांना पत्र लिही, आजच, पाच ओळींचं. घरी वडील आजारी आहेत, मी त्यांची देखभाल करते, इथवर काम झालं आहे, सोबत तीन चित्रं, चार दिवस वाढवून मिळतील का. रडगाणं नको, माफीही नको. मिळतील किंवा नाही मिळणार, पण तुझं नाव आणि तुझी परिस्थिती त्यांच्यापर्यंत पोचेल.

त्यानंतर दोन आठवडे सकाळी सहा ते साडेआठ, आलेख वही, रोजचं एक चित्र कुणाला तरी दाखवणं, एवढं करून बघ. शेवटच्या तारखेच्या आत हे दोन आठवडे बसतात का तेवढं तपास. त्या दोन आठवड्यांत बाबांची तब्येत बिघडली, किंवा तूच इतकी थकलीस की किटलीकडे बघावंसंही वाटेना, तर कोर्स सोड आणि मनाला लावून घेऊ नकोस. मीही सोडला होता, आणि परत घेतला तेव्हा तो नैरोबीचा सोबती मला भेटला. पण गणित कच्चं म्हणून सोडू नकोस. चित्रं आणि गणित दोन्ही आवडणारी माणसं फार नसतात, आणि या विषयाला नेमकी तीच लागतात.

ता. क. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, आपली जात नाहीत. तुझा साडेअकराचा तास त्या आठवड्यापासून मध्यरात्री साडेबाराला येईल आणि जमा करायची वेळ दुपारी १:२९ होईल. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या रविवारी आत्ताच खूण करून ठेव.